पाकिटावरचा उ

वकिलानं निवेदनाचा मसुदा तिसऱ्यांदा वाचला आणि तिसऱ्यांदाही तो कुणाच्या घशाखाली उतरला नाही.

"‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला असून माझ्या कुटुंबीयांच्या भावना...’"

"थांब रे बाबा," आत्या म्हणाली. "विपर्यास काय, भावना काय. हे आपली पोरगी बोलली असं कुणाला तरी वाटेल का? वास येतोय वकिलाचा."

"ताई, वकिलानं लिहिलं तर वकिलाचाच वास येणार. अत्तरवाल्याला बोलवायचं होतंस."

"हसू नकोस. आणि आधी त्या झोक्यावरून उठ. पाच वर्षांच्या पोरांसाठी आहे तो."

वकील उठला नाही, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. दुपारची वेळ, स्टुडिओचं शटर अर्धं ओढलेलं, आणि सगळं घर फोटो काढायच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेलं. थोरला, म्हणजे वकिलाचा मोठा भाऊ आणि आता स्टुडिओचा मालक, ज्या स्टुलावर त्यानं तीस वर्षं लोकांना ‘मान जरा डावीकडे’ म्हणत बसवलं त्याच स्टुलावर आज स्वतः मान खाली घालून बसला होता. त्याची बायको, शाळेत गणित शिकवणारी, मखमली खुर्चीत. सगळ्यांत मोठी बहीण, आत्या, काउंटरमागची आपली खुर्ची आत ओढून आणून तिच्यावर. सगळ्यांच्या मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस. त्यातल्या एकाची मान कधीच उडून गेली होती.

शिट्टी जमिनीवर बसली होती, पायातले बूट काढून, भिंतीला टेकून. ही थोरल्याची एकुलती एक. देशभर तिचं नाव वेगळं होतं, रस्त्यारस्त्यांवरच्या फलकांवर चेहऱ्यासकट लावलेलं. घरात ते नाव कुणी घेत नसे. बोलायला लागायच्या आधी ती शिट्टी वाजवायला शिकली, तेव्हापासून ती शिट्टी.

"मी सही करणार नाही असं मी म्हटलेलंच नाहीये," ती म्हणाली. "फक्त खोट्यावर करणार नाही. विपर्यास झालाच नाही तर झाला असं कसं लिहू?"

"झाला नाही?" थोरल्यानं मान वर केली. "मथळा वाचलास ना?"

मथळा घरातल्या प्रत्येकानं वाचला होता. ‘आमच्या घरातच वर्णद्वेष!’ आणि त्याखाली स्टुडिओच्या पाटीचा फोटो. पाटी आप्पांनी, थोरल्याच्या वडिलांनी, स्वतःच्या हातानं रंगवलेली.

झालं होतं ते एवढंच. चार दिवसांपूर्वी, भरलेल्या सभागृहात, दोन गाण्यांच्या मधे शिट्टी थांबली आणि बोलली. त्या दिवसांत शहरात सगळीकडे एकच वाद चालला होता: कचेऱ्यांच्या, कारखान्यांच्या फाटकांवर चेहरा ओळखणारी यंत्रं बसवली होती आणि ती गोऱ्या चेहऱ्यांना झटकन आत सोडत आणि काळ्यासावळ्यांना बाहेर ताटकळत ठेवत. यंत्राला कसला आलाय भेदभाव, असं एक बाजू म्हणत होती. यंत्राला हे शिकवलं कुणी, असं दुसरी विचारत होती. शिट्टी म्हणाली, आमच्यासारख्यांनी शिकवलं. मग तिनं घरच्या स्टुडिओचं सांगितलं. सावळं गिऱ्हाईक फोटो काढून गेलं की त्याच्या निगेटिव्हच्या पाकिटावर, उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेन्सिलीनं एक उ काढला जाई. उ म्हणजे उजळ करा. गिऱ्हाईकाला विचारायची पद्धत नव्हती. कुणी कुणाला कधी काळं म्हटलं नाही, लिहिलंही नाही. नुसता उ.

दुसऱ्या दिवसापासून अर्धा देश म्हणू लागला, गाणारीनं गावं. उरलेला अर्धा म्हणू लागला, अजून बोल. एका निवृत्त फुटबॉलपटूनं तिला शाबासकी दिली. एका जुन्या नटानं, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, नटांनी मत देऊ नये असं मत दिलं.

आणि आप्पा खाली यायचे बंद झाले.

थोरल्याला देशाशी देणंघेणं नव्हतं. त्याला वरच्या जिन्याचं पडलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा त्याचा बाप रोज नऊच्या ठोक्याला खाली उतरत असे. हल्ली काम असं काहीच नव्हतं, तरी आपल्या जुन्या टेबलाशी बसायचं, दिवा लावायचा, भिंगातून जुनी निगेटिव्ह बघायची, गिऱ्हाईकांशी चार शब्द बोलायचे. चार दिवस तो जिना वाजला नव्हता. फक्त मंगळवारी कुणीतरी शोकेसच्या काचेवर तो मथळा डकवून गेलं, तेव्हा आप्पा उतरले होते. निगेटिव्हवर रिटचिंग करायच्या बारीक सुरीनं त्यांनी तो कागद कडेकडेनं खरवडून काढला, काच पुसली, सुरी पुसली. जाताना थोरल्याला एवढंच म्हणाले, "मी द्वेष केला?"

उत्तर न घेता वर निघून गेले.

"मला एवढंच हवंय," थोरला आता म्हणाला, "की एक कागद घेऊन वर जाता यावं आणि म्हणता यावं, आप्पा, बघा, तिनं शब्द मागे घेतले. मग ते खाली येतील. पुढचं पुढे."

"आणि मागे घेतले नाहीत तर?" शिट्टीनं विचारलं.

"तर तू तुझ्या गावाला जाशील. जिना माझ्याच घरात आहे."

शिट्टी कानाच्या पाळीशी चाळा करत बसली. सहा वर्षांची असताना करायची तसाच.

"मी म्हणते," आत्यानं सूर लावला, "देवानं गळा दिलाय. एवढा गोड गळा लाखात एखादीला देतो तो. मग गाता गाता थांबून हे सगळं उगाळायची गरज काय होती? लोक काय भाषण ऐकायला येतात?"

"ताई," गणिताच्या बाई पहिल्यांदाच बोलल्या. "तुमचे गुरुजी काय करतात?"

आत्या दर आठवड्याला प्रार्थनामंदिरात जात असे. तिथले गुरुजी प्रवचन गाऊन सांगत. एक ओळ गायची, थांबायचं, ती उलगडायची, माणसांना हसवायचं, कानउघाडणी करायची, पुन्हा त्याच ओळीवर सूर धरायचा. आत्या तिथून परतली की दोन दिवस तिचा चेहरा असा असे, जणू कुणी आतून दिवा लावून ठेवलाय.

"गुरुजींचं वेगळं, वहिनी. ते देवाचं बोलतात."

"मागच्या महिन्यात तर तोलमापात मारणाऱ्या दुकानदारांवर बोलले म्हणालात. दोन दुकानदार उठून गेले म्हणून."

"ते... ते देवाचंच. माप म्हणजे देवाचंच."

"मग रंग कुणाचा?"

वकील झोक्यावर हळूच एक हेलकावा घेऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही कोर्टात या. मी शाळेत जातो."

थोरल्याला हे आवडलं नाही. सकाळपर्यंत बायको त्याच्या बाजूची होती. निदान त्याची तशी समजूत होती. चार दिवस ती काहीच बोलली नव्हती, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात गप्प बसणं म्हणजे संमती, असा त्याचा हिशेब होता. गणित शिकवणाऱ्या बाईच्या बाबतीत असा हिशेब मांडणं धाडसाचंच.

"तू पण?" तो म्हणाला.

"मी पण काय? मी फक्त विचारलं." मग मखमली खुर्चीच्या हातांवर तिनं आपले हात पालथे ठेवले. "लग्नाचा अल्बम आठवतो तुम्हाला?"

"आता अल्बम कुठून आला?"

"आप्पांनी स्वतः बसून केला होता. तीन आठवडे. सुनेचे फोटो म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चेहरा असा केला की माझी आईच म्हणाली, ही कोण? पण हात राहिले. हातांना फार वेळ लागतो म्हणे, निगेटिव्हवर बोटाबोटांतून पेन्सिल फिरवावी लागते, म्हणजे छापताना तेवढं उजळतं. त्यामुळे अल्बमभर चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे."

"माझ्या वर्गातल्या मुलींनी पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, तू हातमोजे घातलेस," शिट्टी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. आईलाही आवरेना. दोघी मायलेकी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. अशी हसण्याची जात असते, की जे इतकी वर्षं बोलायचं राहिलं ते हसण्यातूनच बाहेर पडतं. देवानं हसू दिलं ते उगीच नाही.

"मला कधी सांगितलं नाहीस," थोरला म्हणाला.

"काय सांगायचं? तुमच्या वडिलांनी तीन आठवडे डोळे फोडून माझ्यावर माया केली, ती मला बोचली असं? कुठल्या तोंडानं सांगणार?"

शिट्टीचं हसू थांबलं. "हेच मी बोलले, बाबा. सभागृहात. हेच."

आत्या खुर्चीत अस्वस्थ झाली होती. तिला अल्बमाचं काही वाटलं नव्हतं. तिला पहिल्यापासून त्या निळ्या पेन्सिलीचं वाटत होतं. चार दिवस तिनं प्रार्थना केली होती आणि चार दिवस तिच्या मनात तीच पेन्सिल येत होती.

"उ आप्पा काढत नव्हते," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी काढत होते. काउंटरवर मी बसायचे ना. चौदा वर्षांची होते. आप्पा म्हणाले, ज्याला जास्त काम लागेल त्यावर खूण कर, म्हणजे मला आधी घेता येईल. बस. कुणावर करायची ते नाही सांगितलं. ते मीच ठरवायची. माणूस आत आला की बघायची आणि..." तिनं हवेत बोटानं एक उ काढला. इतक्या सराईतपणे की तिचं तिलाच कसंतरी झालं. "तीस वर्षं. मला कुणी शिकवलं नाही रे. माझं मलाच येत होतं. हे कुठून येतं माणसाला?"

वकिलानं मसुद्यावर काहीतरी खोडलं, मग खोडलेलंच पुन्हा खोडलं. बहिणीला असं पाहायची त्याला सवय नव्हती.

तेवढ्यात शटरवर थाप पडली. "उघडं आहे की बंद?"

थोरल्यानं ‘बंद’ म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर एक बाई वाकून आतही आल्या होत्या. धिप्पाड, काळ्या, पन्नाशीच्या, काखेत पिवळं शिरस्त्राण. बंदरात क्रेन चालवतात हे त्यांनी न विचारता सांगितलं, कारण पाचची ड्यूटी होती आणि घाई होती.

"ओळखपत्राचा फोटो हवाय. हा बघा जुना, इथलाच." त्यांनी कार्ड पुढे केलं. "चार महिने झाले. फाटकावरचं ते यंत्र मला ओळखतच नाही. लाल दिवा. रोज पहारेकऱ्याला हाक मारायची, तो डुलत डुलत येणार, माझ्याकडे बघणार, कार्डाकडे बघणार आणि विचारणार, बाई, बहिणीचं कार्ड आणलंत का?"

वकील खोकला. शिट्टीनं मान गुडघ्यांत घातली.

"यंत्रात बिघाड असणार," थोरला म्हणाला.

"असेल. पण यंत्र मला बदलता येत नाही, फोटो बदलता येतो. काढा."

थोरल्याला काम मिळालं म्हणून बरंच वाटलं. त्यानं बाईंना स्टुलावर बसवलं. जमिनीवर तीन पिवळे गोल रंगवलेले होते, दिव्यांच्या स्टँडचे. दिवे गोलांतच होते, नेहमीसारखे. मान जरा डावीकडे. हनुवटी वर. खटक. मग तो कोपऱ्यातल्या संगणकाशी गेला. पडद्यावर बाईंचा चेहरा उमटला. सगळं घर पाहत होतं. थोरल्याचा हात चालला: कडा कापल्या, मागचं पांढरं केलं, दोन बटणं दाबली, आणि बाईंचा चेहरा पहाट व्हावी तसा हळूहळू उजळत गेला.

"अहो," गणिताच्या बाई म्हणाल्या. "आत्ता काय केलंत?"

"काय केलं? छापतोय."

"त्याच्या आधी."

थोरल्यानं पडद्याकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. यादीत, ज्या नावावर त्याचं बोट होतं, तिथे एकच अक्षर होतं. पंधरा वर्षांपूर्वी संगणक आला तेव्हा त्यानंच ती सोय करून घेतली होती आणि नाव काय द्यावं याचा विचारही केला नव्हता. दुसरं काही नाव सुचलंच नव्हतं.

आणि मग जिन्याच्या दाराला लावलेल्या पडद्याआडून एक हसू आलं. आधी बारीक, मग खोकल्यात अडकलेलं, मग मोकळं.

"अरे गाढवा," आप्पांचा आवाज आला. "परत केलंस!"

पडदा बाजूला करून ते खाली उतरले. किती वेळ ते जिन्यावर बसले होते कुणास ठाऊक. चौथी पायरी त्यांच्या वजनानं नेहमी करकरते, ती आज कुणालाच ऐकू आली नव्हती.

शिट्टी उठून उभी राहिली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते सरळ स्टुलावरच्या बाईंपुढे गेले.

"बाई, तुमचा चेहरा आम्ही बिघडवला. एकदा नाही, दोनदा."

"बिघडवला कुठे? चांगला दिसत होता," बाई म्हणाल्या. "फक्त माझा नव्हता."

"कसा हवाय तुम्हाला?"

साठ वर्षांत या खोलीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाईंनाही तो नवा होता. "यंत्राला कळेल असा," त्या म्हणाल्या, मग जरा लाजून, "आणि मलाही."

आप्पांनी डावीकडच्या दिव्याचं स्टँड धरलं. थोरला मदतीला धावला तर त्याला हातानंच मागे सारलं. त्यांनी तो दिवा पिवळ्या गोलातून उचलला आणि लांब बाजूला नेला, खाली केला. दुसरा जवळ आणला. कपाटातून एक पांढरी चादर काढली आणि वकिलाच्या हातात दिली.

"धर. छातीशी. वर. अजून वर. नाहीतरी झोके घेतोयस."

काळ्या गालाच्या कडेनं उजेड फिरला. कपाळ उजळलं, गालफड उमटलं, डोळ्यांत एकेक ठिणगी आली. शिट्टीनं हजार छायाचित्रकार पाहिले होते. असा उजेड लावताना तिनं फार थोड्यांना पाहिलं होतं.

"हे तुम्हाला येत होतं?" आत्यानं विचारलं.

"पहिल्यापासून." आप्पा कॅमेऱ्यामागून बोलत होते. "हे गोल मी पहिल्या आठवड्यात रंगवले. पहिलं गिऱ्हाईक एक कारकून होता, चुन्यासारखा पांढरा. त्याच्यासाठी दिवे लावले, फोटो छान आला, म्हटलं खूण करून ठेवू, दरवेळी शोधायला नको. मग जो येईल तो त्या कारकुनाच्या उजेडात बसला. काळा माणूस बसला की चेहरा बुडायचा. दिवे हलवायचे तर पंधरा मिनिटं. रांग बाहेर. पेन्सिलीनं दहा मिनिटांत भागायचं." खटक. "म्हणून पेन्सिल."

छापलेला फोटो बाईंनी हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग जपून खिशात ठेवला. दारापाशी जाऊन त्या थबकल्या आणि शिट्टीकडे वळल्या.

"तुम्हाला मी आल्याआल्याच ओळखलं. माझी मुलगी दिवसभर तुमचीच गाणी लावते. पण खरं सांगू का, परवाचं तुमचं बोलणं मला नाही आवडलं. एवढ्या वयाच्या माणसाला चारचौघांत असं?"

"यंत्राबद्दल कुणीतरी बोलायला हवं होतं," शिट्टी म्हणाली.

"मग यंत्राबद्दल बोला ना! नको कोण म्हणतंय?"

"सुरुवात कुठून करू? लोकांच्या घरापासून?"

बाईंनी शिरस्त्राण एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. विचार केला. "ते तुम्ही बघा. मला नाही आवडलं, एवढं सांगितलं." आणि वाकून शटरखालून निघून गेल्या. नाराजी त्यांनी इतक्या मोकळेपणानं ठेवली की शिट्टीला चार दिवसांतल्या सगळ्या शाबासक्यांपेक्षा ती जड वाटली, आणि हलकीही.

आप्पा स्टुलावर बसले. "कुठाय तो कागद?"

वकिलानं चादर खाली ठेवून मसुदा दिला. आप्पांनी चष्मा वर करून वाचला. "‘द्वेषाचा आरोप आम्ही ठामपणे फेटाळतो.’ हे खरंय. द्वेष नव्हता."

"मी तो शब्द उच्चारलाच नाही, आप्पा," शिट्टी म्हणाली. "पेपरवाल्यांनी घातला. त्यांचाही इलाज नव्हता. आपल्या भाषेत या गोष्टीला जो शब्द आहे त्याच्या पोटातच द्वेष बसलाय. द्वेष नसताना जे होतं, त्याला काय म्हणायचं?"

"सवय," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"सवय फार साधी झाली, वहिनी. नखं खायची सवय असते," आत्या म्हणाली. "रीत म्हणा."

"रीत म्हटलं की लोक कौतुक करायला लागतात," थोरला म्हणाला. आज तो पहिल्यांदाच मुलीच्या बाजूनं बोलत होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

वकील चादरीची घडी घालत होता. "वहिवाट," तो म्हणाला.

"काय?"

"कोर्टातला शब्द आहे. एकाच जागेवरून लोक वर्षानुवर्षं चालले की ती वाट होते. मग जमीन कुणाची, कुणाला विचारलं होतं का, हे कुणी काढत नाही. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण ज्याच्या शेतातून जाते त्याचं शेत जातंच."

शिट्टी त्याच्याकडे बघत राहिली. "काका, हा शब्द मला आठवड्यापूर्वी का नाही दिलात?"

"तू विचारलंस कधी? मी तर घरात फक्त मसुदे लिहायला."

आप्पा जमिनीवरचे तीन गोल बघत होते. "वहिवाट," त्यांनी एकदा शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग मसुद्याची घडी केली, अजून एक घडी केली आणि दिव्याच्या डुगडुगणाऱ्या स्टँडखाली सरकवली. स्टँड घट्ट बसलं.

"आप्पा, सभागृहातले कार्यक्रमवाले निवेदनाची वाट बघतायत, चारच्या आत कळवायचंय," वकील म्हणाला.

"कळव. म्हणावं, ती बोलली ते बोलली. म्हाताऱ्याची तक्रार आहे, पण ती त्यांच्याकडे नाही." आता त्यांनी पहिल्यांदा नातीकडे पाहिलं. "तुझ्याकडे आहे."

शिट्टी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"जगाला सांगितलंस त्याचं मला काही नाही. बरंच झालं. पण मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असतात म्हणून नाही," ती म्हणाली. "रागावला नसतात म्हणून. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला असतात आणि मग मला बोलताच आलं नसतं."

आप्पांनी मान हलवली. बराच वेळ. म्हाताऱ्या माणसाच्या मनात राग आणि माया शेजारी शेजारी राहतात, एकाच चुलीवर, आणि त्यांचं तसं बरं चाललेलं असतं. "खरंय. फिरवला असता." मग हात गुडघ्यांवरच ठेवून म्हणाले, "मी ते ऐकलं नाहीये अजून. नुसता मथळा वाचला. आता सांग. पहिल्यापासून. तिथे उभं राहून सांगितलंस तसं."

"आत्ता?"

"गाऊन नको. नुसतं सांग."

आत्यानं खुर्ची जवळ ओढली. थोरला हंसांच्या तळ्यापाशी जमिनीवर बसला आणि त्याची बायको त्याच्या शेजारी. वकील पुन्हा झोक्यावर.

शिट्टीनं श्वास घेतला. "माझ्या घरी फोटोचा स्टुडिओ आहे..."

"माझ्या नाही," आप्पा म्हणाले. "आमच्या."

"आमच्या घरी फोटोचा स्टुडिओ आहे. तिथे माझे आजोबा पेन्सिलीनं..."

"आधी वार्निश लावतात. त्याशिवाय निगेटिव्हवर पेन्सिल धरत नाही."

शिट्टी थांबली.

"थांबलीस का?" आप्पा म्हणाले. "मी मधे मधे बोलणारच. तू सांगत राहा."